देवलापारकडचा कॉरिडॉर वॉक: वाघ दिसणार नाही, तरी जा

५ पैकी ४ स्टार. एक कापला तो गावकऱ्यांचा नाही, नागपुरातल्या बुकिंगवाल्याचा, त्याच्यावर खाली लिहिते.

आधीच सांगते, ही सफारी नाही. जिप्सी नाही, गेट नाही, "काल इथंच बसला होता" म्हणणारा गाईड पण नाही. देवलापारच्या बाजूच्या एका गावातला महिला बचत गट अन् तिथली पोरं मिळून हे चालवतात. पेंचमधून कान्हाकडे, नागझिऱ्याकडे जनावरं ज्या जंगलपट्ट्यातून येतात-जातात तो पट्टा तुटू नये म्हणून त्यांचं काम चालू असतं, आपण अर्धा दिवस त्यांच्यासोबत राबायचं, मग जेवायचं. माणशी ७०० रुपये, कुदळ त्यांचीच.

काम म्हणजे मेन रायमुनिया काढणं, म्हणजे आपली घाणेरी. फुलं दिसायला गोड, पण ती माजली की खाली गवत येत नाही, गवत नाही तर चितळ नाही, मग वाघ कायले थांबते तिथं. एका काकूंनी नीट दाखवलं, फांद्या छाटायच्याच नाहीत, बुडाशी माती उकरून जमिनीच्या खाली मूळ तोडायचं अन् अख्खं झुडूप मुळं वर करून उलटं ठेवायचं, म्हणजे परत रुजत नाही. "नुसती कापली ना बाई, तं दुप्पट येते." पाखरं ज्या झाडावर बसतात त्याच्याखाली दरवर्षी पुन्हा बघावं लागतं, बिया तेच टाकतात ना. आधी साफ केलेला तुकडा बाजूलाच होता, तिथं गुडघाभर गवत अन् चितळाच्या लेंड्या. एवढं बघितलं तरी पैसे वसूल.

जाता-येता हायवे ४४ चे अंडरपास गाडीतूनच दाखवतात, थांबवत नाहीत अन् तेच बरोबर आहे. आपण मनसर-खवासा रस्त्यानं शंभरदा गेलो असू, पण बाजूचे ते उंच पत्रे हेडलाईट अन् आवाज खाली जाऊ नये म्हणून आहेत हे किती जणांना माहीत असतं? जनावरांसाठी असे ९ रस्ते आहेत खालून, सगळ्यात मोठा ७५० मीटरचा, अन् कॅमेऱ्यात चितळ, रानडुक्कर, रानकुत्रे, वाघ सगळे सापडलेत. नाहीतर २०१७ च्या डिसेंबरमध्ये अमरावती रोडवर बाजारगावजवळ बोर अभयारण्याचा वाघ बाजीराव गाडीखाली गेला होताच की. त्याच वर्षी नागभीडकडे जय या नावाजलेल्या वाघाचा पोरगा श्रीनिवास, तोही वाघच, शेताच्या करंटच्या तारेनं गेला. पोरं म्हणाली गावात आता तारेवर लक्ष ठेवतात, पण रानडुक्कर रात्रीतून हरभरा साफ करते तेव्हा शेतकऱ्याला समजावणं सोपं नाही, अन् भरपाईचे कागद फिरतच राहतात. हे त्यांनी लपवलं नाही, मला आवडलं.

जनावरं पडू नयेत म्हणून उघड्या विहिरींना कठडे बांधायचं काम पण चालू आहे, आम्हाला लांबूनच दाखवलं.

जेवण एक नंबर. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, पातोडीचा रस्सा, शेवटी मोहाचे लाडू. रस्सा सावजीवाल्यांनी येऊन चाखावा असा.

आता बुकिंगवाला. जाहिरातीत हा मोठ्ठा वाघाचा फोटो अन् खाली "साईटिंगचे चान्सेस". अरे बाप्पा, कॉरिडॉरमधून जनावर रात्रीचं निघून जाते, ते काय तुमच्यासाठी थांबणार आहे? आमच्यातले दोघं दिवसभर तोंड पाडून फिरले, एक तर शेवटी काकूंशीच वाद घालत होता, त्यांचा काय दोष? वर माणशी ३०० जास्त घेतले ते वेगळेच. गावात फोन करून थेट ठरवा, पैसा त्यांनाच जातो.

पूर्ण बाह्यांचे जुने कपडे घाला, रायमुनिया ओरबाडते. बाथरूम एकच आहे. पावसाळ्याच्या शेवटी शेवटी जा, माती मऊ असते, मे मध्ये गेलात तर कंबर धरून परत याल. लहान पोरांना नका नेऊ, कंटाळतात.