ऑक्सफर्ड लर्नर्स डिक्शनरीची वेबसाइट: इंग्लिशमधला वैताग समजून घ्यायचा असेल तर हीच वापरा

आधी मी मोबाइलवरचं एक फुकट ट्रान्सलेशन अ‍ॅप वापरायचे. त्यात "आय अ‍ॅम अ‍ॅट द एंड ऑफ माय टेदर" टाकलं तर उत्तर आलं "मी माझ्या दोरीच्या शेवटी आहे", मग ते अ‍ॅप काढूनच टाकलं. बहीण इंग्लंडमध्ये केअर होममध्ये नर्स आहे, तिला एका आजींची मुलगी हेच वाक्य बोलली होती आणि असं कोणी बोललं की ती बाई साधी तक्रार करतेय की खरंच खचलीय हे तिथल्या तिथे कळायला लागतं ना.

ऑक्सफर्डच्या साइटवर ते स्वच्छ कळतं. दमल्यामुळे, काळजीमुळे आता हे आपल्याच्याने झेपणार नाही असं वाटणं, असा अर्थ दिलाय, म्हणजे आपण म्हणतो तसं जीव मेटाकुटीला आलाय. टेदर म्हणजे आपलं दावं, खुंट्याला बांधलेली गाय दावं पुरेल तिथपर्यंतच चरणार, त्यापुढे काही नाही, हे एकदा डोक्यात बसलं की वाक्य परत विसरत नाही. अमेरिकन लोक टेदरऐवजी रोप (म्हणजे दोरी) म्हणतात हेही तिथेच लिहिलंय, आणि शब्दांचे ब्रिटिश अन् अमेरिकन उच्चार वेगवेगळे ऐकता येतात, मला हे फार आवडतं.

बस उशिरा आली, नेट गेलं, तर त्याला फेड अप, म्हणजे नुसतं वैतागलोय, एवढं पुरे, तिथे टेदर नको. टेदर कधी, तर महिनोन्‌महिने एकटीने आईचं सगळं करून करून माणूस संपत आलं की. अ‍ॅट माय विट्स एंड पण याच्या जवळचं, पण त्यात आता काय करावं तेच सुचत नाही हा भाग जास्त, आणि ते खूप जुनं, 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्येसुद्धा (बायबलचं जुनं इंग्लिश भाषांतर) आहे. वापरताना माय, हर, देअर माणसाप्रमाणे बदलायचं, शी इज अ‍ॅट द एंड ऑफ हर टेदर.

ही डिक्शनरी मुळात परभाषिकांसाठीच केलेली. हॉर्नबी नावाचे इंग्रज शिक्षक जपानमध्ये शिकवायचे, त्यांनी केलेली ही डिक्शनरी 1942 ला आधी जपानमध्ये निघाली, ऑक्सफर्डने काढली 1948 ला. म्हणूनच अर्थ सोप्या शब्दांत असतात, नुसता अर्थ देऊन सोडत नाहीत, वापर पण दाखवतात.

मराठी अर्थ मात्र इथे नाही, सगळं इंग्लिशमध्येच. आठवी-नववीच्या मुलांना सुरुवातीला जड जाईल, त्यांच्यासोबत मोठ्या कोणीतरी बसावं. बाकी ज्यांना नोकरीसाठी रोज इंग्लिश बोलणाऱ्यांशी काम आहे, खासकरून नर्सिंग, कॉल सेंटर, हॉटेलवाले, त्यांनी डोळे झाकून वापरा, पैसे लागत नाहीत. इडियम, म्हणजे वाक्प्रचार, शोधायचा तर त्यातला मुख्य शब्द टाका आणि पान खालपर्यंत बघा, इडियम्सचा भाग तिथे खाली वेगळा असतो.