टाहो सरोवराकाठचे दोन वाडे: व्हायकिंग्सहोम की हेलमन-अर्मन?

कॅलिफोर्नियातील टाहो सरोवराच्या पश्चिम काठावर, महामार्ग ८९ लगत, दोन जुने उन्हाळी वाडे पाहता येतात. सॅन फ्रान्सिस्को बे एरियातील मराठी कुटुंबांना सुट्टीत एकाच वाड्यासाठी वेळ असेल, तर निवड विचारपूर्वक करावी.

एमराल्ड बे येथील व्हायकिंग्सहोम लोरा जोसेफीन नाइट यांनी १९२९ मध्ये बांधवून घेतला. स्वीडिश वास्तुविशारद लेनार्ट पाल्मे यांनी ग्रॅनाइटच्या भिंती, हाताने तासलेल्या तुळया, त्यांच्या टोकांवरील ड्रॅगनची मुखे आणि काही भागांवर गवताची छपरे योजून अकराव्या शतकातील स्कँडिनेव्हियन बांधणी येथे उभी केली. ज्या ऐतिहासिक वस्तू स्वीडन व नॉर्वेबाहेर नेण्यास परवानगी नव्हती, त्यांच्या प्रतिकृती मापे, रंग आणि लाकडाचे जुनेपणसुद्धा जुळवून करून घेतल्या गेल्या; ही निष्ठा मला या वाड्याचे खरे वैभव वाटते. मात्र वाहनतळापासून सुमारे दीड किलोमीटर तीव्र उतार आहे, आणि परतताना तोच चढ सरोवराच्या १,९०० मीटर उंचीवरील विरळ हवेत दम काढतो.

शुगर पाइन पॉइंट येथील हेलमन-अर्मन वाडा १९०३ चा, बँकर आयझायस हेलमन यांचा. तो ऐसपैस आणि देखणा आहे, आणि वाहनतळापासून तेथे पोहोचणे बरेच सोपे. सोबत वृद्ध आईवडील असतील तर हाच निवडावा. गुडघे साथ देत असतील, तर मी निःसंशय व्हायकिंग्सहोमच सुचवेन. अंतर्भाग दाखवणाऱ्या मार्गदर्शित फेऱ्या उन्हाळ्यातच असतात.