ग्लॉक १९ जेन ५: अकरा महिने वापरल्यानंतर

आमच्यापासून तिसऱ्या घराचं मागचं दार फोडून चोर आत शिरले, तेव्हा घरात माणसं होती. कुणाला इजा झाली नाही. पण पुढचे दोन आठवडे मला आणि बायकोला धड झोप लागली नाही. ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटीजवळ आम्ही राहतो. टेक्सासमध्ये येऊन चौदा वर्षं झाली, तेवढ्यात पिस्तूल घ्यावं असं कधी मनात आलं नव्हतं. त्या दोन आठवड्यांत आलं. आता अकरा महिने झाले, नेमबाजीच्या रेंजवर अठराशेच्या आसपास गोळ्या झाडून झाल्या, त्यातले पाच महिने पिस्तूल जवळजवळ रोज कमरेला लावून पाहिलं. दुकानाच्या काउंटरसमोर उभा होतो तेव्हा हे सगळं कुणीतरी मराठीत सांगायला हवं होतं असं फार वाटलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी कायद्याचं थोडक्यात. एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर असाल तर शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडता बंदूक विकत घेता येत नाही, हा देशपातळीवरचा नियम आहे. ग्रीन कार्डवाल्यांना आणि नागरिकांना येते. टेक्सासमध्ये सप्टेंबर २०२१ पासून, वय २१ पूर्ण असेल आणि कायद्याने बंदी नसेल, तर परवान्याशिवायही पिस्तूल जवळ बाळगता येतं. तरीही मी एलटीसी म्हणजे बाळगण्याचा परवाना काढला. वर्गात कुठे न्यायचं, कुठे नाही हे नीट शिकवतात, आणि शेवटी नेमबाजीची परीक्षा असते: ३, ७ आणि १५ यार्डांवरून मिळून ५० गोळ्या, २५० पैकी १७५ गुण लागतात. परीक्षा अवघड नाही. माझ्या शेजारच्या लेनमधला माणूस मात्र पिस्तूल पहिल्यांदाच हातात धरत होता आणि तोही पास झाला. त्यामुळे परवाना मिळाला म्हणजे आपल्याला येतं, असं मी धरून चाललो नाही.

खरं सांगायचं तर बंदूक मला परकी नव्हती. संगमेश्वर तालुक्यात आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची. डुक्कर आणि वानर यांच्यासाठी. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर परत आणायची. ती भिंतीवर उंच टांगलेली असे आणि तिच्याकडे आम्ही पोरं बोटसुद्धा दाखवत नसू. इथे दुकानात काचेखाली साठ-सत्तर पिस्तुलं मांडलेली पाहून मी पाच मिनिटं नुसता उभा होतो. भारतात तर ९ एमएम, म्हणजे माझ्या या पिस्तुलाच्या गोळीचं माप, सर्वसामान्य माणसाला मिळतच नाही, ते निषिद्ध बोअर (नळीचं माप) आहे, म्हणून आपल्याकडचे परवानाधारक .३२ वर असतात.

मी मध्यम आकाराचं पिस्तूल का घेतलं? कारण मला एकच हवं होतं. घरात दोन-तीन हत्यारं ठेवायची इच्छा नव्हती, तेव्हा घरासाठी आणि बाहेर बाळगण्यासाठी तेच चालावं हा हिशोब. ग्लॉक १९ याच हिशोबाचं आहे. १९८८ पासून बाजारात आहे, मोठ्या ग्लॉक १७ पेक्षा नळी आणि मूठ थोडी आखूड, तरी मॅगझिनमध्ये १५ गोळ्या. नळी १०२ मिलिमीटर, एकूण लांबी १८५, रिकाम्या मॅगझिनसह वजन पावणेसातशे ग्रॅमच्या आत, आणि भरल्यावर साडेआठशेच्या पुढे. साडेआठशे ग्रॅम हा आकडा कागदावर किरकोळ वाटतो. संध्याकाळी सहा वाजता, डाव्या खांद्यावर लॅपटॉपची बॅग आणि उजव्या कमरेला हे असताना वाटत नाही.

रेंजवर या पिस्तुलाबद्दल माझी तक्रार नाही. विकत घेण्याआधी मी चार पिस्तुलं भाड्याने घेऊन झाडली. त्यात एक अगदी लहान, तीन इंची नळीचंही होतं. ते खिशात मावेल इतकं छान, पण प्रत्येक गोळीला हातात असं उसळायचं की तिसऱ्या गोळीला माझा नेम कागदाच्या कडेला गेलेला असे. १९ चा झटका सरळ मागे येतो, मनगटाला सोसतो. जेन ५ च्या, म्हणजे पाचव्या पिढीच्या, मुठीवर आधीच्या पिढ्यांसारखे बोटांचे खाचे नाहीत, हे माझ्या हाताला फार बरं पडलं. माझी बोटं आखूड आहेत. मुठीमागे लावायच्या जास्तीच्या पट्ट्या येतात, मी एकही लावली नाही. बायकोलाही तशीच मूठ बसते. अठराशेत दोनदा गोळी अडकली, दोन्ही वेळा मॅगझिन संपत आलेलं, हात थकलेला आणि माझं मनगट ढिलं पडलेलं. प्रशिक्षक बाईंनी मागून पाहिलं आणि लगेच सांगितलं. त्यानंतर झालेलं नाही.

साइट्स, म्हणजे नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणा, मूळच्या प्लॅस्टिकच्या असतात. रेंजच्या उजेडात चालून जातं, अंधारात काहीच दिसत नाही. घरासाठी घेत असाल तर चमकणाऱ्या साइट्सचे पैसे सुरुवातीलाच बाजूला काढा.

दोन गोष्टी मात्र घेण्याआधी नीट समजून घ्यायला हव्यात. एक, या पिस्तुलाला अंगठ्याने लावायचं सेफ्टीचं बटण नाही. आत तीन सेफ्टी आहेत, पडलं तर उडत नाही, पण चाप ओढला गेला की उडणारच, मग तो बोटाने ओढा किंवा शर्टाच्या टोकाने. दोन, साफ करायला उघडताना चाप ओढावाच लागतो, रचनाच तशी आहे. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: मॅगझिन काढायचं, स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे ओढून धरायची, डोळ्यांनी बघायचं, मग करंगळी आत घालून चाचपायचं, पुन्हा बघायचं, आणि मगच तोंड सुरक्षित दिशेला करून चाप. फोन त्या वेळी दुसऱ्या खोलीत. कुणी बोलायला आलं तर पहिल्यापासून सुरुवात. काहींना ही भीती जास्तीची वाटेल, मला वाटत नाही.

आता बाळगण्याबद्दल. इथे मी सगळ्यात जास्त चुकलो आणि सगळ्यात जास्त शिकलो.

पहिलं होल्स्टर, म्हणजे पिस्तूल कमरेला लावायचं म्यान, मी ऑनलाइन घेतलं, मऊ कापडाचं, स्वस्त. आठव्या-नवव्या दिवशी पिस्तूल आत सरकवताना त्याचं तोंड दुमडलं आणि कापडाची घडी चापाच्या कड्यात शिरतेय असं बोटाला जाणवलं. मी तिथेच थांबलो, पिस्तूल बाहेर काढून रिकामं केलं आणि होल्स्टर कात्रीने कापून कचऱ्यात टाकलं. टाकायचं तर कापूनच, दुसऱ्या कुणी उचलून वापरू नये. मग याच मॉडेलसाठी बनवलेलं कायडेक्स या कडक प्लॅस्टिकचं होल्स्टर आणि आत पट्टी असलेला जाड बेल्ट घेतला. दोन्हीचे मिळून दीडशे डॉलर गेले, आणि ते पिस्तुलाच्या किमतीचाच भाग समजा.

लपतं का? नळी लपते, मूठ नाही लपत. सगळे नळीची लांबी विचारतात, पण शर्टाखालून फुगवटा दिसतो तो मुठीच्या टोकाचा. मी पाच फूट सहा इंच आहे, बेताच्या अंगाचा. सैल चौकड्याच्या शर्टात चालून जायचं. ह्यूस्टनच्या ऑगस्टमध्ये टी-शर्टवर नाही चाललं. घामाने बनियन भिजायची आणि मुठीचा खरखरीतपणा कातडीवर उमटायचा. स्लाइडवर गंजाचा एक ठिपका आला नाही, एवढं मात्र सांगायला हवं.

पण खरी अडचण आपल्या राहणीची आहे, आणि ती कुठल्याच इंग्रजी परीक्षणात सापडणार नाही. पोटापुढे, बेंबीच्या उजवीकडे लावलं की पटकन काढता येतं, म्हणून बरेच लोक तिथे सुचवतात. तसं लावून मांडी घालून बसून पाहा. जांघेत नळी रुतते. सत्यनारायणाला दोन तास बसायचं, पंगतीत वाकून वाढायचं, वडीलधाऱ्यांच्या पायाशी वाकायचं, हे काहीच नीट होत नाही. मागे उजव्या कुशीवर सरकवलं तर वाकताना शर्ट वर जातो आणि मूठ उघडी. एकदा मित्राकडे केळवण होतं. त्याच्या वडिलांना नमस्कार करायला मी अर्धवट वाकलो, हात गुडघ्यापर्यंतच गेला. त्यांनी प्रेमाने पाठीवर थोपटलं, हात खाली सरकला असता तर होल्स्टरला लागला असता. ज्या घरात मी जेवायला गेलो, त्या घरात कुणाला न सांगता भरलेलं हत्यार घेऊन बसलो होतो, याची मला त्या क्षणी मनापासून लाज वाटली. तेव्हापासून कुणाच्या घरी जाताना नेत नाही.

मंडळाच्या गणपतीला प्रश्नच आला नाही. हॉलच्या दारावर ३०.०६ चा फलक असतो, म्हणजे परवानाधारकालाही लपवून आत नेता येत नाही. मग गाडीत ठेवा, असं लोक सांगतात. गाडीत सीटच्या लोखंडाला तारेने बांधलेली पेटी मी बसवली आहे, तरी पार्किंगमध्ये पिस्तूल सोडून आरतीला उभं राहिलो की मन आरतीत नसतं. गाड्यांतून पिस्तुलं बरीच चोरीला जातात. आता सरळ घरीच ठेवून जातो.

घरासाठी मात्र हा आकार मला योग्य वाटतो. मूठ पूर्ण हातात बसते, पुढे दिवा लावायला रूळ आहे, पंधरा गोळ्या आहेत. पण इथली घरं लाकडी सांगाडा आणि जिप्समच्या पत्र्याची. ९ एमएमची गोळी तशा तीन-चार भिंती सहज पार करते. आमच्या बेडरूमसमोरच्या बोळाच्या टोकाला मुलांच्या खोल्या आहेत. मी टेपने घर मोजलं, कागदावर काढलं, आणि कुठून कुठल्या दिशेने कधीही गोळी झाडायची नाही हे लाल पेन्सिलीने आखलं. त्या दिशा काढून टाकल्यावर फार थोडी जागा उरली. तो कागद बायकोने आणि मी मिळून पाहिला. घरात फिरून चोर शोधायचा नाही, मुलांना आमच्या खोलीत घ्यायचं, दार लावायचं, ९११ ला, म्हणजे पोलिसांना, फोन करायचा आणि दाराकडे तोंड करून थांबायचं, हे त्यातून ठरलं. घरासाठीच्या गोळ्या १२४ ग्रेन वजनाच्या (सुमारे आठ ग्रॅम), पोकळ टोकाच्या ठेवल्या आहेत. त्या लक्ष्यात शिरल्यावर फुलतात आणि पलीकडे जाण्याची शक्यता कमी होते. भिंतीच्या बाबतीत त्यांच्यावर विसंबू नका, टोकात जिप्सम भरलं की त्याही साध्या गोळीसारख्या पुढे जातात. बंद खोलीत पिस्तुलाचा आवाज १५० डेसिबलच्या वर जातो, म्हणून तिजोरीत कानांचे मफही आहेत.

तिजोरी पलंगाच्या बाजूला भिंतीतल्या लाकडाला बोल्टने बसवलेली, चार बटणांची. मुलगी तेरा वर्षांची, मुलगा नऊचा. १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं हत्यार सहज लागेल असं ठेवणं टेक्सासमध्ये गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी आम्ही हेच केलं असतं. दोघांना मी एकदा रिकामं पिस्तूल दाखवलं, हवं ते विचारू दिलं. लपवाछपवी केली असती तर मुलाने ते शोधलंच असतं.

पिस्तुलावर दिवा मी बसवला होता. तो काढला, त्याचं कारण सांगतो.

गेल्या ऑक्टोबरमध्ये आई साताऱ्याहून आली होती, सहा महिन्यांसाठी. रात्री पावणेतीनला खाली स्वयंपाकघरात काहीतरी पडल्याचा आवाज आला. मी जागा झालो, तिजोरी उघडली, पिस्तूल हातात घेतलं. बोळात पावलं ऐकू आली. पिस्तुलावरचा दिवा लावायचा तर पिस्तूल त्या पावलांकडे रोखावं लागणार होतं. दिवा जिकडे, नळी तिकडे. मी ते खालीच धरलं, डाव्या हाताने टेबलावरची साधी बॅटरी उचलली आणि ओरडलो, "कोण आहे?"

"अरे मी आहे. पाणी घ्यायला गेले होते, पेला पडला," आई म्हणाली.

तिने माझ्या हातात काय आहे ते पाहिलं. काही बोलली नाही, खोलीत जाऊन झोपली. मी पिस्तूल आत ठेवलं, कुलूप लावलं आणि सकाळपर्यंत पलंगाच्या कडेला बसून राहिलो. सकाळी चहा देताना तिने एवढंच विचारलं, "रात्री मला ओ द्यायला उशीर झाला असता तर?" मला उत्तर देता आलं नाही. बोटाने चापाला स्पर्श केला नव्हता, ते सवयीने बाहेरच होतं. पण ती सवय रेंजवर शेकडो वेळा केलेल्या सरावातून आली होती, आणि त्या रात्री आमच्या घरात त्या सवयीशिवाय दुसरं काहीच मध्ये नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी दिवा काढला, हातातली बॅटरी कायमची ठेवली. बोळात आणि जिन्यात हालचालीने लागणारे छोटे दिवे लावले, सगळे मिळून चाळीस डॉलर. आधी घरातल्या प्रत्येकाच्या नावाने हाक मारायची, उत्तरं मोजायची, मग तिजोरी, हा क्रम बायकोने आणि मी दिवसाउजेडी पाच वेळा करून पाहिला. मागच्या दाराला जाड पट्टीचं कुलूप आणि लांब स्क्रू बसवले. तसं पाहिलं तर पहिल्या दिवशी करायचं काम तेच होतं, आणि पिस्तूल घ्यायच्या घाईत मी ते मागे ठेवलं.

घ्यावं का असं मला विचाराल, तर एकच पिस्तूल, तेही मुख्यतः घरासाठी, आणि महिन्यातून दोनदा रेंजवर जायची तयारी असेल तर १९ घ्या. भाड्याने झाडून पाहा, बायकोलाही झाडायला लावा, दोघांच्या हाताला बसलं तरच. मला ५६० डॉलरला पडलं, पण तिजोरी, होल्स्टर, बेल्ट, वर्ग आणि गोळ्या धरून वर्षभरात त्याच्या अडीचपट गेले. रोज बाळगायला हवं असेल आणि अंगाने माझ्यासारखे असाल, तर याहून बारीक काहीतरी बघा. मी स्वतः रोज बाळगणं फेब्रुवारीपासून बंद केलंय. रात्री उशिरा एकट्याने लांबचा प्रवास असेल तेव्हाच लावतो.

साइट्स पुढच्या महिन्यात बदलून घेणार आहे. आईला उन्हाळ्यात परत बोलावलंय. तिची खोली आता आमच्या शेजारची केली आहे, आणि पाण्याचा तांब्या तिच्या उशाशी.