घरच्या सिनेमा-फोटोंसाठी स्वस्त नॅस : सोलापुरात कोणता पर्याय टिकेल?

नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेलं डिस्कचं खोकं; त्यात ठेवलेले सिनेमे-फोटो टीव्हीवर आणि फोनवर बघता येतात. पण आधी टीव्हीकडे बघा, खोक्याकडे नंतर. घरातला टीव्ही एच.२६५ (व्हिडिओ कमी जागेत बसवायची एक पद्धत) फाइल स्वतः चालवत असेल, तर नॅसला फारसं कामच उरत नाही. कपाटातलं पुस्तक काढून हातात द्यावं, तशी फाइल द्यायची, बस्स. टीव्हीला ती चालवता येत नसेल, तर नॅसला ती जागच्या जागी दुसऱ्या स्वरूपात बदलावी लागते. यालाच ट्रान्सकोडिंग म्हणतात, आणि स्वस्त यंत्रं धापा टाकतात ती इथेच. म्हणून खरेदीच्या आधी तुमच्याकडच्या चार-पाच वेगवेगळ्या फाइल पेनड्राइव्हवर घालून टीव्हीला लावून बघा. चित्र दिसतंय पण आवाज नाही, असं झालं तर बहुधा फाइलमधला आवाज डीटीएस या स्वरूपात आहे. सॅमसंगने २०१८ पासूनच्या टीव्हींमधून डीटीएस काढून टाकलं. नुसता आवाज बदलणं हलकं काम आहे, साधा प्रोसेसरही ते करतो. जड जातं ते चित्र बदलणं.

लग्नाच्या जुन्या डीव्हीडी, गड्ड्याच्या यात्रेतलं नंदीध्वजांचं शूटिंग, वडिलांच्या कॅसेटवरून उतरवलेली भजनं असला माल असेल, तर तो कॉम्प्युटरवर एकदाच एमपी४ करून ठेवा. रोज यंत्राकडून बदलून घेण्यात अर्थ नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. घरात धडका जुना लॅपटॉप असेल आणि त्यात हात घालायला कुणी तयार असेल, तर एक रुपयाही खर्च न करता तिथून सुरुवात करा. तसं कुणी नसेल तर दोन कप्प्यांचं तयार नॅस घ्या. बाकीचे पर्याय ठरावीक घरांसाठीच आहेत.

राउटरच्या मागचं यूएसबी

सगळ्यात स्वस्त. राउटरला यूएसबी पोर्ट असेल तर पोर्टेबल हार्ड डिस्क लावायची की झालं. वीज नगण्य लागते, कारण राउटर तसाही चालूच असतो. पण बऱ्याच राउटरांचा प्रोसेसर इतका लहान असतो, की मोठी फाइल चढवताना घरातलं इंटरनेटही मंदावतं. डिस्क एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसतच नाही. गाणी, फोटो आणि साधे सिनेमे एवढ्यासाठी चालेल. फोरके बघणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये.

रास्पबेरी पाय

रास्पबेरी पाय म्हणजे तळहाताएवढा, एकाच बोर्डावरचा कॉम्प्युटर. पाय ४ मध्ये खरा गिगाबिट लॅन (केबलचं नेटवर्क) आणि यूएसबी ३ आहे, त्यामुळे फाइल द्यायला तो पुरतो. त्याच्या आधीच्या ३बी+ मध्ये लॅन यूएसबी २ वरून जातं, वेग साधारण ३०० मेगाबिटवर अडतो. तो जुना बोर्ड कुणी स्वस्तात देतंय म्हणून घेऊ नका. पाय ५ वेगवान आहे, पण चित्र ट्रान्सकोड करण्यासाठी तोही घेऊ नये. वीज मात्र पाय आणि डिस्क मिळून महिन्याला पाचएक युनिट.

अडचण दोन ठिकाणी येते. मेमरी कार्डावर चालणारी सिस्टिम अचानक वीज गेली की बिघडू शकते, म्हणून ती छोट्या एसएसडीवर ठेवावी. आणि बोर्डाच्या किमतीत केस, ॲडॉप्टर, एसएसडी, केबल मिळवत गेलं, की जे स्वस्त वाटलं होतं ते तितकंसं स्वस्त राहत नाही. ज्याला हे जुळवण्यातच मजा येते त्याने जरूर घ्यावा. घरच्यांना नुसता सिनेमा बघायचा असेल, तर कशाला?

जुना लॅपटॉप

याच्याकडे लोक दुर्लक्ष का करतात कळत नाही. त्यात बॅटरी आहे, म्हणजे यूपीएस आयताच मिळाला. पडदा मिटून ठेवला तर बहुतेक लॅपटॉप १० ते २० वॉटमध्ये भागवतात. त्यावर ओपनमीडियाव्हॉल्ट ही लॅपटॉपचं नॅस करणारी मोफत सिस्टिम टाकायची आणि टीव्हीवर सिनेमे पोस्टरसकट दिसावेत म्हणून जेलीफिन, तेही मोफत. तशाच कामाचं प्लेक्स दिसायला देखणं आहे, पण हार्डवेअर ट्रान्सकोडिंगला पैसे लागतात आणि एप्रिल २०२५ पासून घराबाहेरून आपलेच व्हिडिओ बघायलाही लागतात.

लॅपटॉपमध्ये इंटेलचा सातव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर असेल, तर तो एच.२६५ची दहा बिटवाली (रंगांच्या जास्त छटांची) फाइलसुद्धा ग्राफिक्सच्या मदतीने सहज बदलतो. कमी किमतीच्या बहुतेक तयार नॅसना हे जमत नाही. या एका बाबतीत आठ-नऊ वर्षांपूर्वीचा लॅपटॉप आजच्या नव्या खोक्याला मागे टाकतो.

तोटे खरे आहेत. बॅटरी कायम चार्जिंगला राहून फुगू शकते, तेव्हा बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) चार्जिंगला ८० टक्क्यांची मर्यादा मिळत असेल तर लावा आणि अधूनमधून तळ बघत जा. फुगलेली दिसली की काढून टाकायची. डिस्क यूएसबीने बाहेर लटकते, कुणीतरी झाडताना केबल ओढतं. जुना डेस्कटॉप मात्र वापरू नका: ५० वॉट धरले तरी महिन्याला ३६ युनिट होतात. महावितरणचा १०० युनिटनंतरचा दर वाढतो, म्हणजे तुमचं बिल वरच्या टप्प्यात ढकलायला तेवढे पुरेसे आहेत.

दोन कप्प्यांचं तयार नॅस

स्वस्तातली दोन नावं ठरलेली: सिनॉलॉजी डीएस२२३जे आणि क्यूनॅप टीएस-२३३. सिनॉलॉजीत १ जीबी रॅम, क्यूनॅपमध्ये २ जीबी, आणि दोन्हींत ती वाढवता येत नाही. सिनॉलॉजीची सिस्टिम वापरायला सोपी. फोनमधले फोटो आपोआप चढवणारं तिचं ॲप घरच्यांना लगेच जमतं, आणि माझ्या मते तिला पैसे मोजायचं खरं कारण तेच आहे. सिनेमासाठीचं तिचं स्वतःचं व्हिडिओ स्टेशन मात्र २०२४ मध्ये बंद झालं. क्यूनॅप घेतलं तर ते इंटरनेटवर उघडं ठेवू नका. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर व्हायरसने अशीच उघडी क्यूनॅप यंत्रं गाठली होती.

किंमत बघताना एक लक्षात ठेवा: खोकं रिकामं येतं. दोन चांगल्या डिस्कांचे पैसे जवळपास खोक्याइतकेच होतात. म्हणून मी म्हणेन, एकच डिस्क घाला आणि उरलेल्या पैशांत पोर्टेबल डिस्क घेऊन तिच्यावर बॅकअप ठेवा. दोन डिस्कांची जोडी करून आरशासारखी नक्कल ठेवली, तरी चुकून डिलीट केलेला फोटो दोन्हीकडून जातो. नवी पेठेतल्या दुकानात सीसीटीव्हीची डिस्क पुढे केली तर नाक मुरडू नका. ती चोवीस तास चालायलाच बनवलेली असते आणि घरच्या सिनेमांना पुरते. पुढे कधी जोडी करायची असेल, तर सीएमआर प्रकारची (डेटाचे पट्टे एकमेकांवर न चढवता लिहिणारी) आहे ना एवढं विचारून घ्या. आणि डिस्क आधी किती तास चालली आहे ते घरी आल्याबरोबर तपासा.

आता ऊन. सिनॉलॉजीच्या कागदावर या यंत्रासाठी हवेचं तापमान ० ते ४० अंश असं लिहिलेलं आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा बाहेरच ४२-४३ ला जातो, आणि पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी काय होतं ते सांगायला नको. नॅस वरच्या खोलीत, लोखंडी कपाटात, टीव्हीच्या मागे कोंबू नका. तळमजला, जमिनीपासून वीतभर वर, चारी बाजूंनी हवा. पूर्व भागात घराला लागूनच यंत्रमाग असतील तर सुताचे तंतू पंख्यात साठतात, तिथे महिन्यातून एकदा पंखा साफ करणं भागच आहे.

एक डिस्कवालं, कंपनीच्या खात्यावर चालणारं खोकं

डब्ल्यूडी माय क्लाउड होम हे याचं ठळक उदाहरण. लावायला सोपं, पण आत शिरायला कंपनीचं सर्व्हर लागतं. मार्च २०२३ मधल्या सायबर हल्ल्यानंतर कंपनीच्या सेवा बंद पडल्या आणि लोकांना घरात ठेवलेल्या स्वतःच्याच फाइल कित्येक दिवस मिळेनात. हे घेऊ नका.

वीज जाते त्याचं काय

राउटरसाठी मिळणारा छोटा मिनी यूपीएस मोठ्या डिस्कांना पुरत नाही; सुरू होताना त्या एकदम जास्त करंट ओढतात. घरात इन्व्हर्टर असेल तर मागचं बटण यूपीएस मोडवर आहे का बघा, साध्या मोडमध्ये पालटायला जो क्षण लागतो त्यात नॅस बंद पडू शकतं. इन्व्हर्टर नसेल तर यूएसबी केबलवाला यूपीएस घ्या. वीज लांबली की नॅस स्वतःहून नीट बंद होतं. हा खर्च बजेटमध्ये पहिल्यापासून धरा, नंतर परवडलं तर बघू असं नको.

पुण्यात शिकणाऱ्या मुलीला घरचे फोटो बघायचे असतील, तर राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडण्याच्या फंदात पडू नका. बऱ्याच ब्रॉडबँडवर इंटरनेटचा पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो, तिथे ते चालतही नाही. टेलस्केल हे आपलीच यंत्रं इंटरनेटवरून सुरक्षित जोडणारं ॲप दोन्हीकडे टाका, तिच्या फोनवर आणि नॅसवर किंवा लॅपटॉपवर. घरगुती वापरासाठी ते मोफत आहे.