परदेशी शिक्षणाचा अर्ज : सात रस्त्याजवळील एका सल्ला केंद्राचा अनुभव

इचलकरंजीहून टेक्स्टाइलची पदवी घेतलेल्या माझ्या मुलीला पुढील शिक्षणासाठी जर्मनीला जायचे असल्याने आम्ही सोलापुरातील सात रस्त्याजवळील एका सल्ला केंद्राची सेवा घेतली आणि तिच्यासाठी २५,००० रुपये मोजले. केंद्राचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण ज्या गोष्टीबद्दल माझी तक्रार आहे, तीच शहरातील आणखी दोन ठिकाणी चौकशी करताना जशीच्या तशी ऐकायला मिळाली होती.

कागदपत्रांच्या तपासणीत मात्र या लोकांना तोड नाही. आमच्या पूर्वभागातील पद्मशाली घरांत तेलुगू आडनाव इंग्रजीत कसे लिहायचे, हे बहुधा शाळेत नाव घालणाऱ्या गुरुजींनी ठरवलेले असते. मुलीच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, पासपोर्टवर वडिलांचे नाव तिच्या नावाला जोडलेले आहे आणि पदवीच्या गुणपत्रिकांवर आडनावात एक ‘एच’ जास्त आहे. पाच वर्षांत आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात न आलेला हा ‘एच’ तेथील बाईंनी पहिल्याच भेटीत शोधला आणि दुरुस्ती होईपर्यंत एपीएसचा, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रे खरी असल्याच्या प्रमाणपत्राचा, अर्ज भरू दिला नाही. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना बंधनकारक झालेल्या या प्रमाणपत्राचे शुल्क १८,००० रुपये आहे. त्यामुळे बाईंचा हट्ट तेव्हा जाचक वाटला, तरी तो योग्यच होता.

विद्यापीठांच्या निवडीचा अनुभव मात्र अगदी उलट आला. केंद्राने सुचवलेल्या सहा नावांपैकी चार खासगी संस्थांची होती आणि त्यांतील एकीतही वस्त्रतंत्रज्ञान शिकवले जात नव्हते. सगळा भर व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांवर होता. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठे शिक्षणशुल्क घेत नाहीत. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात, तो एक अपवाद. खासगी संस्था विद्यार्थ्यामागे सल्लागाराला कमिशन देतात, सरकारी विद्यापीठांकडून तसे काही मिळत नाही, एवढे कळले की यादी अशी का होती, हे वेगळे विचारावे लागत नाही. मी तरीही विचारले. ‘सरकारीत नंबर लागणे अवघड असते, काका,’ असे उत्तर मिळाले. शेवटी मुलीने डीएएडी या जर्मन शैक्षणिक विनिमय संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतः शोध घेऊन आखेनचे आरडब्ल्यूटीएच आणि म्योन्शेनग्लाडबाखचे निडरराईन ही दोन नावे काढली. ज्या गावाची ओळखच चादर आणि टॉवेल आहे, तेथील सल्लागाराला ही नावे पाठ असायला हवी होती.

एसओपी म्हणजे उद्देशपत्राबाबतही निराशाच झाली. केंद्राने दिलेला मसुदा ‘लहानपणापासूनच मला’ या शब्दांनी सुरू होत होता आणि त्यातील विषयाचे नाव बदलले असते, तर तो कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला चालला असता. मुलीने तो बाजूला ठेवून आमच्याच कारखान्याबद्दल लिहिले : एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत सूत वारंवार तुटते, म्हणून माझे वडील, म्हणजे तिचे आजोबा, मागांच्या मधल्या जमिनीवर पाणी मारून घेत, त्यामागचे आर्द्रतेचे गणित तिला कॉलेजात उमगले आणि आता सुताला खळ देण्याच्या प्रक्रियेवर काम करायचे आहे. ‘हे फार घरगुती वाटते,’ असा केंद्राचा शेरा आला. आम्ही तो मानला नाही. पत्र तिने लिहिले तसेच पाठवले.

खर्चाचा अंदाज देताना त्यांनी काही लपवले नाही, हे नमूद करायला हवे. अनेक विद्यापीठांचे अर्ज स्वीकारणाऱ्या युनि-असिस्टमार्फत पहिल्या अर्जाला ७५ आणि पुढील प्रत्येक अर्जाला ३० युरो लागतात, तसेच व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून मिळाले. ही रक्कम शुल्क नसून तिथे पोहोचल्यावर दरमहा ९९२ युरोप्रमाणे मुलीलाच परत मिळते, हेही त्यांनी तिच्या आईला शांतपणे समजावले.

ज्यांचे विद्यापीठ आधीच ठरले आहे आणि ज्यांना फक्त कागद बिनचूक हवे आहेत, त्यांनी येथे जायला हरकत नाही; मात्र पूर्ण पॅकेज न घेता केवळ कागदपत्रांच्या कामाचा दर विचारावा. तो फलकावर लिहिलेला नाही, आणि पैशांची पावतीही आम्हाला दोनदा मागितल्यावर मिळाली.