30 इंची कस्टम बास: ई ची तार सोडली तर मस्त

हा बास (बास गिटार) हातात आला तेव्हा पाचपैकी दोन दिले असते. आता चार देतो. कापलेला एक गुण ई च्या, म्हणजे सगळ्यात जाड, तारेचा आहे आणि तो मी काही सोडणार नाही.

बनवून का घेतला, ते आधी सांगतो. 34 इंचीवर (हे माप म्हणजे स्केल, तारेची वाजणारी लांबी) अडीच-तीन तास ऑर्केस्ट्रा वाजवला की डाव्या मनगटात कळ यायची. पहिल्या फ्रेटपासून (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) चौथ्यापर्यंत 34 इंचीवर जवळपास 130 मिमी अंतर असतं, 30 इंचीवर 114. दीड सेंटिमीटरने काय होतं असं ज्याला वाटतं, त्याने नागपुरात रेशीमबागेत सुरेश भट सभागृहात जुन्या गाण्यांचा अख्खा कार्यक्रम पहिल्या पोझिशनला वाजवून दाखवावा. रेडीमेडमध्ये आयबानेझचा मिक्रो पाहिला, पण 28.6 इंच मला फारच आखूड. फेंडरच्या मस्टँगच्या किमतीत घरी एसी बसतो, आणि घरच्यांनी तो हिशोब मला करून दाखवलाच. आमचा ड्रमर म्हणाला, "हा तं पोट्ट्यांचा बास हाय." बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीचा हॉफनर बास 30 इंचीच आहे म्हटल्यावर गप्प बसला.

लाकूड लकडगंजातून घेतलं. नेकला, म्हणजे दांड्याला, जुन्या वाड्याच्या तुळईचं सागवान, उभ्या रेषांचं. बॉडीला शिवण, कारण ती हलकी असते आणि वाकत नाही. फिंगरबोर्ड (बोटं दाबायची वरची पट्टी) शिसमचा. सागवानात तेल असतं, त्यामुळे चिकटवण्याआधी थिनरने पुसून घ्या असं मी कारागिराला सांगायला गेलो, तर त्याने माझ्यासमोरच पुसून दाखवलं. लाकडाच्या बाबतीत माणूस एक नंबर आहे, फ्रेटही इतके साफ घासलेत की नेकच्या कडेवरून बोट फिरवलं तर कुठे टोचत नाही.

घोळ झाला ब्रिजपाशी, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात त्या प्लेटपाशी. स्केल 762 मिमी, म्हणून त्याने ब्रिज असा बसवला की सगळ्या सॅडल (प्रत्येक तारेखालचे पुढे-मागे सरकणारे टेकू) 762 च्या आसपासच खेळतील. पातळ जी ला ते चालतं. जाड ई ला चालत नाही. स्केल आखूड केला की त्याच तारेला तोच सूर लावायला ताण साधारण 22 टक्के कमी लागतो. ढिली तार फ्रेटवर दाबली की सूर जास्त चढतो, वरून जाड तारेचा स्वतःचा ताठपणा. म्हणून ई ची सॅडल बरीच मागे न्यावी लागते. माझी सॅडल पार मागे टेकली, स्प्रिंग काढून टाकली, तरी बारावा फ्रेट हार्मोनिकपेक्षा (तिथेच तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला सूर) दहा-बारा सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) वरच. गायिका तानपुऱ्याच्या सुरावर समोर गाते आहे आणि मागून आपला ई चढलेला, ही काय गोष्ट आहे का?

कारागिराचं उत्तर ठरलेलं, "भाऊ, कोणाच्या कानाला समजते ते?" माझ्या कानाला समजतं ना बाप्पा, आणि पैसे मी देऊन राहिलो! शेवटी स्ट्रोबचं ट्यूनर (सूर अगदी बारीक मोजणारं यंत्र) घेऊन गेलो, त्याच्याच टेबलावर ठेवलं आणि वाजवून दाखवलं. मग ब्रिज 5 मिमी मागे घ्यायला तयार झाला, पण मजुरी वेगळी म्हणाला. त्यावरून आमचं जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. काम मात्र नीट केलं हे मान्य. जुन्या भोकांत सागवानाच्या खुंट्या ठोकल्या, नवी भोकं पाडली. ब्रिज मागे गेल्याने जुनी भोकं प्लेटखाली झाकली गेली. अर्थिंगची वायर तेवढी प्लेटखालून निसटली होती. तारांना हात लावूनही गुणगुण थांबत नव्हती, त्यावरून लक्षात आलं. ती मीच घरी परत दाबून बसवली. मजुरी मागितलीच आहे तर याचे पैसे मी कोणाकडे मागू?

सूर जागेवर आला, पण ई चा आवाज अजूनही भोंगळ. सीताबर्डीवरच्या एका दुकानदाराने "सगळ्या बासला चालतात" म्हणून लाँग स्केलच्या तारा गळ्यात मारल्या होत्या. लाँग स्केलची ई खुंटीवर जाते तिथे ती पातळ व्हायला हवी, पण 30 इंचीवर तिचा जाड भागच खुंटीला गुंडाळला जातो. तिथेच तिची गुंडाळी सुटली, ऐन ठोक्याला. मग शॉर्ट स्केलचा डॅडारिओचा 45-100 चा (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) संच मागवला. ए, डी, जी एकदम झकास. ई 100 ची असल्याने आणखी लोळायला लागली, जोरात छेडली की फ्रेटवर खडखडाट. तेव्हा मी हा बास विकायचं ठरवलं होतं, गिऱ्हाईकही पाहून ठेवलं होतं.

विकण्याआधी एक शेवटचा खर्च म्हणून शॉर्ट स्केलच्याच फ्लॅटवाउंड (चपट्या, गुळगुळीत गुंडाळीच्या तारा) लावल्या, ई 105 ची. आणि माझं मत बदललं. त्या जास्त ताठ, ई लोळायची थांबली, आवाजातली चिरचिर गेली आणि खाली एक गोल, भरलेला ठोका आला जो माझ्या 34 इंचीला कधीच नव्हता. जुन्या गाण्यांना हाच हवा होता. स्लॅप (अंगठ्याने तार ठोकून वाजवणं) करणाऱ्यांनी इकडे फिरकू नये. लाकडाच्या जाती निवडण्यात मी जेवढा वेळ घालवला, त्याच्या अर्धाही तारांवर घालवला असता तर डोकं शांत राहिलं असतं. तारांवर एकूण किती गेले ते घरी विचारू नका.

खरी कमाल नेकने केली. नागपूरच्या मे महिन्यात बाहेर 45 च्या वर कोरडी भट्टी, आणि खोलीत कुलर लावला की रात्रभर दमट वारा. माझा जुना बास दरवर्षी या दिवसांत धनुष्य व्हायचा. याचा पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून सातव्यापाशी व्हिजिटिंग कार्ड घालून पाहायचो, कार्ड उन्हाळाभर तसंच अडकत राहिलं, म्हणजे नेकचा वाक बदलला नाही. पावसाळ्यात ट्रस रॉड (नेकच्या आतली, वाक जुळवायची सळई) जेमतेम पाव फेरा फिरवला. तुळईने त्या वाड्यात कितीतरी पावसाळे काढले असतील, तिला आमच्या कुलरचं काय कौतुक!

शिवणीची बॉडी हलकी म्हणून नेक खाली झुकते. हलक्या खुंट्या घ्या असा सल्ला मिळाला. त्यांची किंमत पाहून चामड्याचा रुंद पट्टा घेतला, आतली खरबरीत बाजू खांद्याला धरून राहते. झुकणं पूर्ण गेलं नाही, पण चालून जातं.

पाच तारांचा 30 इंची करू का, असं दोघांनी विचारलं. खालचा बी 31 हर्ट्झच्या आसपास असतो. ई ने मला एवढं रडवलं, बी काय करेल ते तुम्हीच समजा. चार तारांचाच करायचा तर ॲडव्हान्स देण्याआधी ई ची सॅडल 762 च्या मागे निदान 6-7 मिमी जाईल, हे कागदावर लिहून घ्या, आणि ब्रिज लावताना स्वतः जाऊन बसा. माझ्या कारागिराकडेच जायचं असेल तरी जा. ब्रिजच्या मजुरीवरून आमचा हिशोब अजून अडलेला आहे, पण नेक त्याच्यासारखी इथे दुसरा कोणी करत असेल तर मला तरी भेटला नाही.