जुन्या सालाचे नवे नाणे: व्हिएन्ना टांकसाळीचा मारिया तेरेझा थालर

मोठ्या आकाराची ऐतिहासिक चांदीची नाणी जमवायची म्हटले, की बहुतेकांची गाडी किमतीपाशी किंवा खरे-खोटे ओळखण्याच्या भीतीपाशी अडते. या दोन्ही अडचणींवर एक सोपा उतारा आहे: ऑस्ट्रियाची सरकारी टांकसाळ, म्हणजे म्युन्झे ओस्टरराइख, आजही पाडत असलेला मारिया तेरेझा थालर. व्हिएन्नात राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने मला त्याचे दोन नमुने आणून दिले, एक साधा आणि एक प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी आरशासारखी चकाकी देऊन पाडलेला. वर्षभर दोन्ही हाताळल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे.

नाण्यावर साल आहे १७८०, म्हणजे ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया तेरेझा हिच्या मृत्यूचे. तिच्या पश्चात तेच साल आणि तोच चेहरा ठेवून थालर पाडले जात राहिले, कारण लाल समुद्राच्या दोन्ही तीरांवरचे, विशेषतः येमेन आणि इथिओपियातले व्यापारी याच छापेला मान देत आणि बदललेले नाणे घेण्यास कुरकुरत. ऑस्ट्रियाने १८५८ मध्ये हा थालर आपल्या चलनातून बाद केला, तरी कॉफीच्या व्यापारात तो पुढे कित्येक दशके चालला. त्यामुळे आजच्या नाण्याला नक्कल म्हणणे मला अन्यायाचे वाटते. ही एकाच कामाची अखंड चालत आलेली परंपरा आहे. मात्र एखादा विक्रेता त्याला 'अडीचशे वर्षांचे नाणे' म्हणून विकू लागला, तर तिथून उठावे हे बरे.

वजन २८.०७ ग्रॅम, व्यास सुमारे ४० मिलिमीटर आणि धातूत सहापैकी पाच भाग चांदी, उरलेला एक भाग तांबे. आपल्या हिशेबात सांगायचे तर राणीछाप रुपया नेमका एक तोळ्याचा, आणि हा थालर दोन तोळे व वर जवळजवळ पाच मासे. तळहातावर ठेवल्यावर हा फरक आकड्यांपेक्षा कितीतरी लवकर कळतो; रुपयाची सवय झालेल्या बोटांना हे नाणे पहिल्यांदा थोडे उद्धट वाटते. समोरच्या बाजूला विधवेची ओढणी घेतलेली सम्राज्ञी आहे, कारण पती फ्रान्झ १७६५ मध्ये वारल्यानंतर तिची प्रतिमा तशीच येऊ लागली. खांद्यावरचे मोत्यांचे कडे बारकाईने उठवले आहे, आणि प्रतिमेखालची 'एस. एफ.' ही अक्षरे ग्युन्झबुर्ग टांकसाळीतल्या श्योब्ल आणि फाबी या अधिकाऱ्यांची आहेत. मागे दुतोंडी गरुड. नाण्याच्या कडेवर 'न्याय आणि दया' या अर्थाचे लॅटिन ब्रीद आहे. कड कातरून चांदी चोरणाऱ्याला ही अक्षरे मोडावी लागत आणि चोरी लगेच उघडी पडे.

आता दोन नमुन्यांविषयी. प्रूफची आरशासारखी पार्श्वभूमी देखणी आहे, पण मला ती या नाण्याच्या स्वभावाविरुद्ध वाटते. जे नाणे बोटांनी चाचपून आणि दगडावर वाजवून घेतले जात होते, ते बोटाचा ठसाही सहन न करणाऱ्या अवस्थेत विकत घेण्यात हशील नाही. साधा नमुना खणखणीत वाजतो, हाताळता येतो आणि स्वस्तही पडतो, म्हणून माझी शिफारस त्याचीच आहे. निव्वळ चांदी साठवायची असेल, तर मात्र याच टांकसाळीचे फिलहार्मोनिक नावाचे एक औंस चांदीचे नाणे घ्यावे. थालरमध्ये शुद्ध चांदी २३.३९ ग्रॅमच आहे. मोठी उणीव एकच: नाणे कोणत्या वर्षी पाडले याची कोणतीही खूण त्यावर नाही.

मराठी संग्राहकाला या मालिकेत आणखी एक आकर्षण आहे. १९३५ मध्ये मुसोलिनीने इथिओपियाच्या मोहिमेसाठी थालरचे ठसे रोमला मिळवले, तेव्हा ब्रिटिशांनी लंडनमध्ये स्वतःचे थालर पाडायला सुरुवात केली. पुढे युद्धकाळात, १९४०-४१ साली, ते मुंबईच्या टांकसाळीतही पाडले गेले. ज्या फोर्टातून आपले रुपये बाहेर पडत, तिथूनच ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्यातली ही सम्राज्ञीही जहाजावर चढली, ही गोष्ट मला अजूनही गमतीची वाटते. मुंबईची छाप मोत्यांच्या कड्याची ठेवण आणि गरुडाच्या शेपटीची पिसे यांवरून ओळखतात, आणि ते काम भिंगाशिवाय व तुलनेच्या छायाचित्रांशिवाय होत नाही. एका विक्रेत्याने मला 'खात्रीची मुंबई' म्हणून जे नाणे चढ्या भावाने दिले, ते घरी ताडून पाहिल्यावर व्हिएन्नाचे निघाले. म्हणून आधी टांकसाळीचा नवा नमुना घ्यावा, त्यावर डोळा तयार करावा आणि मगच जुन्या छापांच्या मागे लागावे.

खरेपणा तपासण्याची घरगुती रीत अशी: डिजिटल काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करावा आणि नाणे दोऱ्याने, तळाला न टेकवता, पाण्यात बुडवावे. काटा सुमारे पावणेतीन ग्रॅम दाखवेल, कारण या मिश्रधातूची घनता १०.२ च्या आसपास आहे. प्रूफवर हा प्रयोग करू नये.

रुपयासाठी बनवलेल्या अल्बमच्या कप्प्यात हे नाणे मावत नाही, म्हणून व्यास मोजून मोठी कॅप्सूल, म्हणजे नाणे ठेवायची कडक पारदर्शक डबी, आधीच मागवावी. पीव्हीसीचे मऊ पाकीट टाळावे. नाण्यातल्या तांब्यामुळे त्यात वर्ष-दोन वर्षांत हिरवट चिकट थर धरू शकतो.